सगळ्या कॉलेजचं एक खातं

आमच्या कॉलेजात कुठलाही संगणक चालू करून ब्राउझर उघडला की आधी राशिभविष्य दिसायचं. ग्रंथालयात दिसायचं, परीक्षा विभागात दिसायचं, प्राचार्यांच्या केबिनमध्येही दिसायचं. हिंदीच्या सरांनी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, हौसेनं ते दाखवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायचं ठिगळ, टाकलं होतं. पण त्यात उघडलेलं कॉलेजचं खातं सगळ्यांचं एकच. ते जिथं जिथं उघडं होतं तिथं तिथं सरांची हौस आपोआप जाऊन पोचली. एका सकाळी प्राचार्यांना 'आज हाताखालच्या माणसांपासून सावध राहा' असं वाचायला मिळालं आणि मला बोलावणं आलं.

"मॅडम, हे काय करून ठेवलाव?"

"मी नाही केलं, सर."

"तुम्ही नाही केलं, पण काढता तर तुम्हालाच येतंय ना. काढा."

मी काढायला बसले तर त्यांनी हात वर केला. "इतरांचं काढा. माझं राहू द्या. तसं काही वाईट नाही ते."

एकाच खात्यावर तुमचं ठेवून इतरांचं काढता येत नाही, हे समजावण्यात माझा वर्गावरचा तास बुडाला. मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे घेतलेल्या तासांचंच मानधन, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. तास बुडाला की तो बुडालाच.

मी भूगोल शिकवायची. राहायला नांदेडला आणि कॉलेज लातूरच्या रस्त्यावर एका तालुक्याच्या गावी, तेव्हा सकाळची पहिली एसटी ठरलेली. भूगोलाची एक कायम जागा बरीच वर्षं रिकामी होती. ती मला हवी होती. या सगळ्या प्रकरणात माझी इच्छा म्हणाल तर तेवढीच. प्राचार्य म्हणायचे, "मूल्यांकनाची समिती एकदा येऊन जाऊ द्या, जाहिरात निघू द्या. जागा तुमचीच हाय मॅडम." हे वाक्य ते इतक्या आपुलकीनं म्हणायचे की मी त्याच्या जोरावर दोन-तीन जून काढले.

समितीला कॉलेजचा सगळा संसार ऑनलाइन दाखवायचा असतो. कुठल्या विभागानं काय केलं, किती झाडं लावली, किती पोरं पास झाली, प्रत्येक गोष्टीची फाइल आणि प्रत्येक फाइलची लिंक. एकदा मी स्टाफरूमच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद बाहेर काढला होता. तेवढ्या कर्तृत्वावर हे काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला मी शहाणपणा केला. प्रत्येकाला स्वतःचं खातं काढायला लावावं, फाइल ज्याची त्याला द्यावी, असं ठरवलं. इतिहासाच्या विभागप्रमुखांना लिंक पाठवली. त्यांनी घरून दुसऱ्याच खात्यातून उघडली, आणि पडद्यावर आलं की ही फाइल बघायची असेल तर परवानगी मागा. सर दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत. चहाच्या वेळी दुसऱ्याकडे बघत म्हणाले, "आम्ही इथं तीस वर्षं काढली. आता फाइल बघायला कालच्या पोरींची परवानगी मागायची." मी सांगितलं, सर, ते मी नाही म्हणत, ते यंत्र म्हणतंय. "यंत्राला सांगणारं कोण हाय मग?" त्या दिवशी मी झक मारत सगळ्या फायली सगळ्यांना उघड्या करून टाकल्या, आणि एकच खातं पुन्हा सुरू झालं. पासवर्ड स्टाफरूमच्या दारामागं कॅलेंडरवर लिहून ठेवला. तिथं तो आधीपासून होताच, मी फक्त अक्षर सुधारलं.

फाइल सगळ्यांना उघडी झाली तरी त्यात काम करायची आमची रीत वेगळी. वरिष्ठांनी लिहिलेलं कुणी खोडायचं नाही. उपप्राचार्यांनी एखाद्या ठिकाणी चुकीचं साल टाकलं, तर धाकटा माणूस ते साल पुसत नसे. तो त्याच्या खाली लाल रंगात लिही, 'सरांचं बरोबरच आहे, मात्र एकदा रेकॉर्ड पाहावं.' त्याखाली तिसरा लिही, 'सहमत.' एका परिच्छेदाचे असे चार-चार मजले चढायचे. मी संध्याकाळच्या बसमध्ये बसून मोबाइलवर ते मजले उतरवत यायची, कारण मी उतरवले तर कुणाचा अपमान होत नसे. माझं लिहिणं कुणी लिहिणं धरतच नव्हतं. राग यायचा. पण खिडकीशी जागा मिळालेली असायची, दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा, आणि रागावायलाही थोडी ताकद लागते.

एक्स्टेन्शनचं तर भिजत घोंगडंच होतं. कुणी फोटोचं पीडीएफ करणारं टाकायचं, कुणी सिनेमे उतरवून घेणारं, कुणी साडीवर सूट शोधून देणारं. प्रत्येक वेळी टाकताना एक पाटी यायची, की हे तुमच्या सगळ्या संकेतस्थळांवरचा सगळा मजकूर वाचेल आणि बदलेल, चालेल का? आमच्याकडे समोरच्याला थेट नाही म्हणायची पद्धत नाही. सगळ्यांनी 'चालेल' दाबलं. मी शनिवारी बसून काढायची, सोमवारी पुन्हा उगवलेली असायची. स्टाफरूममध्ये मला बघून लोक विचारायचे, "काय मॅडम, निंदणी चालू हाय का?"

समिती यायच्या तोंडावर घोडं अडलं. फुकटच्या कुठल्यातरी पीडीएफवाल्या एक्स्टेन्शननं आमच्या खात्यातून गावभर मेल पाठवले, आणि ज्या कंपनीकडं ते खातं होतं तिनं त्याला कुलूप लावलं. खातं तुमचंच आहे हे सिद्ध करायचं तर ते काढताना दिलेल्या मोबाइल नंबरवर एक आकडा येणार, तो इथं टाका, असं पडद्यावर आलं. नंबरचे शेवटचे दोन अंक दिसत होते. सगळ्यांनी आपापले फोन काढून पाहिले. कुणाचाच नव्हता. शेवटी शिपाईमामांनी सांगितलं की खातं निवृत्त हेडक्लार्कनी काढलं होतं. त्यांचा जो नंबर ऑफिसात होता तो लागत नव्हता. ते आता देगलूरला असतात.

"तुम्ही नांदेडलाच राहता," प्राचार्य म्हणाले. "तुम्हाला जवळ पडतं."

देगलूर नांदेडहून जवळ पडत नाही. पण मी गेले. रविवार होता, आईला दवाखान्यात न्यायचं होतं, ते बहिणीवर ढकललं. हेडक्लार्कचं घर बाजारातल्या भुसार दुकानांच्या मागं. त्यांच्या बायकोनं खुर्ची पुढं ओढली, "कूर्चो बिड्डा," तेलुगूत म्हणाल्या, आणि मग मी नांदेडची म्हणून मराठीत आल्या, "बस माय, लई लांबून आलीस." हेडक्लार्क बनियनवर होते, सदरा चढवून बाहेर आले. माझं सगळं ऐकून घेतलं.

"तो नंबर मी बंद करून टाकलो, मॅडम."

"बंद म्हणजे रिचार्ज नाही, की…"

"बंदच. रिटायर झालो तरी रोज फोन. फलाणी फाइल कुठं हाय, बिस्तानी चावी कुठं हाय. जेवायला बसलो की फोन. ही म्हणाली, तुम्ही घरी आलात का अजून कॉलेजातच हाव?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मग एक दिवस सिमच काढून टाकलो. आता तो नंबर कुणाला दिलाय की कंपनीनं, देव जाणे."

मला चिडायला हवं होतं. एका माणसाच्या फोनवर अख्खं कॉलेज टांगून ठेवलेलं, आणि तो माणूस सिम काढून मोकळा. पण मला त्यांचा हेवा वाटला, खराखुरा. चहा पिऊन निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुम्ही कायम हाव का?" मी म्हटलं, नाही, होईन. त्यांनी मान हलवली आणि एसटी स्टँडचा जवळचा रस्ता दाखवला.

खातं गेलं ते गेलं. पण फायली माझ्याकडे होत्या. कॉलेजातलं नेट संथ, म्हणून मी जवळपास प्रत्येक फाइलची प्रत स्वतःच्या खात्यात ठेवून घरून काम करत असे. त्यावरून सगळं पुन्हा उभं केलं, यावेळी माझ्या खात्यात. आता प्रत्येक पानावर मालक म्हणून माझं नाव. इतिहासाच्या सरांनाही माझ्याकडूनच परवानगी घ्यावी लागली, आणि गरज एवढी होती की ते हसत म्हणाले, "मॅडम, आम्हाला बी घ्या की आत." खात्यातली साठवायची जागा भरत आली तशी त्यानं कुरकूर सुरू केली. कॉलेजच्या वृक्षारोपणाचे फोटो बसवायला मी भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ काढून पेनड्राइव्हवर टाकले. आई विचारत होती, मोबाइलवर बाळाचं दिसत का नाही. मी म्हटलं, समिती जाऊ दे.

समिती आली, जेवली, गेली. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. पेढे वाटले, फटाके वाजले, प्राचार्यांनी सभेत सांगितलं की मॅडम तर आमच्या घरच्याच आहेत. मग खरंच जाहिरात निघाली. मुलाखती संस्थेच्या लातूरच्या कार्यालयात होत्या. आईनं सकाळी विहारात वंदनेला जाऊन आल्यावर माझ्या हातावर साखर ठेवली, आणि मी बहिणीची साडी नेसून गेले. वाटलं होतं की आत गेल्यावर छातीत धडधडेल. पण मी फक्त दमलेली होते.

टेबलावर समितीला दिलेला आमचा अहवाल छापून ठेवलेला होता. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक बाहेरचे गृहस्थ तो चाळत होते. मला गोदावरीच्या खोऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला, पर्जन्यछायेबद्दल एक विचारला, मी नीट उत्तरं दिली. मग ते गृहस्थ अहवाल बंद करत म्हणाले, "हे काम फार व्यवस्थित झालंय हो. कुणी केलं?"

प्राचार्य माझ्या समोरच बसले होते. ते म्हणाले, "टीमवर्क आहे, सर. सगळ्यांनी मिळून."

मी तिथं बोलायला हवं होतं असं नंतर सगळे म्हणाले. बहीण म्हणाली, शेजारीण म्हणाली. पण मुलाखतीला बसलेल्या बाईनं प्राचार्यांना खोटं पाडलं तर तिला जागा कोण देणार? मी मूग गिळून बसले, आणि त्या गृहस्थांनी पुढच्या उमेदवाराला बोलवा म्हणून सांगितलं.

निवड दुसऱ्याची झाली. औशाकडचा मुलगा, नेट परीक्षा पास, पीएचडी झालेला, बोलायला सालस. मला ते कॉलेजच्या ग्रुपवरून कळलं. आधी अभिनंदनाचे अंगठे आले आणि मग मी वर सरकवत सरकवत कशाबद्दलचे ते शोधलं. भूगोलाला कायम माणूस आला, म्हणजे माझ्या तासांचं कारणही संपलं. हे मला कुणी सांगितलं नाही. जूनमध्ये अर्जासाठी फोन आला नाही, एवढंच.

फोन आला तो वेगळ्या कामासाठी. "मॅडम, बऱ्या हाव ना? आई बरी हाय ना?" प्राचार्यांनी घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली, उन्हाची केली, पावसाची केली. शेवटी म्हणाले, "ते फायलींचं जरा बघा. तुमच्या नावावर हाय सगळं. नवीन सरांच्या नावावर करून टाका. अहवालातल्या लिंका तुमच्याकडंच जातात म्हणे. तुम्ही घरच्याच हाव म्हणून हक्कानं सांगायलो."

आई समोर भाजी निवडत होती. तिला फोनवरचं सगळं ऐकू आलं होतं. "देऊ नको," ती म्हणाली. आयुष्यभर मला 'वाद घालू नको, शिक्षण घे' सांगणारी बाई शांतपणे म्हणाली, "पुसून टाक सगळं. बघू दे त्यांना."

मी दोन दिवस तो विचार खरोखर केला. एक बटण दाबायचं. कॉलेजच्या वेबसाइटवरच्या सगळ्या लिंका आंधळ्या झाल्या असत्या. विद्यापीठाकडून विचारणा आली असती, प्राचार्यांना घाम फुटला असता, आणि मग ते मला फोन करून म्हणाले असते की मॅडम, तुम्ही घरच्याच हाव. या शेवटच्या गोष्टीनंच माझा सगळा हुरूप गेला. शिवाय त्यातच माझ्या वर्गातल्या पोरांचे अंतर्गत गुण होते. त्यांचे निकाल अडकले असते, आणि ती पोरं रेणापूरकडच्या, लोह्याकडच्या वस्त्यांवरून हेलपाटे घालत आली असती. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं? एकीनं तर शेवटच्या दिवशी मला शेतातल्या ओल्या शेंगा आणून दिल्या होत्या.

दुपारी जेवण झाल्यावर बसले. अख्खं फोल्डर दिलं म्हणून आतल्या फायली जात नाहीत, त्या वेगळ्या द्याव्या लागतात. मी देत गेले. क्षेत्रभेटीचे फोटो, पोरांनी काढलेले नकाशे, तो वृक्षारोपणाचा ढीग. प्रत्येक वेळी पडदा विचारायचा, नक्की का? मला वाटतं त्या सगळ्या वर्षांत मला 'नक्की का' असं विचारणारं तेवढंच कुणीतरी होतं, आणि मी दर वेळी 'हो' दाबलं. तेव्हा मात्र रडू आलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

पण दिलं म्हणून होत नाही. घेणाऱ्यानं स्वीकारावं लागतं, तोवर मालक मीच. संध्याकाळी औशाच्या सरांचा फोन आला.

"मॅडम, नमस्कार. मी तुमचा जास्त वेळ घेत नाही. ते स्वीकारायचं कुठं असतं? मला तर काहीच दिसना गेलंय."

आवाजात संकोच होता. माझ्या जागेवर आपण आलो हे त्याला माहीत होतं, आणि मला विचारल्यावाचून त्याचं चालणारही नव्हतं. मी त्याला आधी मेल बघायला लावला. मेल उघडला तर पान अर्धंच यायचं. मी विचारलं, ब्राउझरला काही एक्स्टेन्शन टाकली आहेत का? तो म्हणाला, हाव, जाहिराती अडवायचं हाय एक. ते बंद करायला सांगितलं. बंद कसं करायचं तेही सांगितलं, वर उजव्या कोपऱ्यात, कोड्याच्या तुकड्यासारखं चित्र आहे बघा, त्यावर. तो प्रत्येक पायरीला "हाव मॅडम" म्हणत होता. चांगला विद्यार्थी निघाला असता.

"आलं, मॅडम. 'स्वीकारा' म्हणतंय. दाबू का?"

"दाबा."

त्यानं दाबलं. मग बाकीच्यांवरही दाबलं. मध्ये मध्ये फोनवर त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता अजून काही करायचं असतंय का?"

शिकवायचं तर नीट शिकवावं, ही सवय. मी त्याला सांगितलं की कॉलेजसाठी नवं खातं काढा, कुणा एकाच्या फोनवर ठेवू नका. एक्स्टेन्शन दर आठवड्याला तपासा. आणि फायलींना कोणाकोणाचा हात लागतो ती नावं बघा. जी माणसं आता कॉलेजात नाहीत त्यांची नावं काढून टाका, ठेवणं बरोबर नाही.

"हाव मॅडम," तो म्हणाला. त्यानं ते लिहूनही घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचे गुण एकदा पडताळून बघावेत म्हणून मी फाइल उघडायला गेले. उघडली नाही. मी सांगितल्याप्रमाणं त्यानं नावं काढली होती, आणि सुरुवात माझ्यापासून केली होती.